भोंगा आणि चौथा अध्याय

रंगूनवर जपानी विमानं आली तेव्हा द्वारकाबाईंच्या घरी सत्यनारायणाची पोथी चालू होती. प्रसाद न घेताच पळालेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका भटजींनी नुकतीच बुडवली होती. त्यामुळे भोंगा वाजला तरी जागचं कुणी हललं नाही.

“भटजी, आटपा की,” कुणीतरी कुजबुजलं.

वर घरघर वाढत होती. भटजींनी पाचवा अध्याय एका दमात उरकला. द्वारकाबाईंनी दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातावर शिरा थापला, एकेकाला खंदकाकडे पिटाळलं आणि शेवटी पातेल्यासकट स्वतः उडी घेतली.

बॉम्ब जवळच पडला. सगळ्यांच्या अंगावर माती आली.

“वहिनी, तुम्ही घेतलात ना प्रसाद?” शेजारच्या कर्णिकांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी रिकामं पातेलं दाखवलं.

खंदकातली माणसं हळूहळू त्यांच्यापासून लांब सरकू लागली. सगळ्यांत आधी त्यांचे यजमान सरकले.