परवानगी नाही

स्ट्रोकनंतर बाबांची बोटं चालावीत म्हणून डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर गेम खेळायला सांगितलं होतं. मुक्ताने गेम टाकला, पण सुरू करताच स्क्रीनवर यायचं, 'तुम्हाला परवानगी नाही.' पुन्हा पुन्हा तेच. शेवटी ती कंटाळून उठली.

"राहू दे बाबा, उद्या कुणाला तरी विचारते."

सांगलीत वर्षानुवर्षं कॉम्प्युटर क्लास चालवलेले बाबा आजारपणापासून एक शब्दही बोलले नव्हते. त्यांचे ओठ हलले.

"राइट... क्लिक."

मुक्ता पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली. तिने राइट क्लिक केलं. 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' हा पर्याय समोरच होता. तरी तिने माउसवरून हात काढला.

"आता काय करू, बाबा?"

विद्यार्थ्यांवर वैतागायचे तसे बाबा जरासे वैतागले आणि एकेक शब्द जुळवत सांगू लागले.