हो ना

म्हाताऱ्या तोकुजींनी अन्न सोडलं, तेव्हा सानाए पेजेची वाटी घेऊन बापाच्या अंथरुणाशी बसली.

"बाबा, दोन घास घ्या. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच सोडलंय. माझ्यापायी तुझं आयुष्य वाया चाललंय."

"कोण म्हणालं असं?"

तोकुजींनी उशाशी बसलेल्या पोकोकडे बोट दाखवलं. सोबतीला म्हणून तिनेच आणलेला मांजराएवढा रोबोट.

"मी त्याला विचारलं, पोरीला माझं ओझं होतंय ना रे? तो म्हणाला, हो ना."

"अहो, त्याला काय कळतंय? काहीही बोला, तो मान डोलवून 'हो ना'च म्हणतो. कुणीतरी ऐकतंय असं वाटावं, एवढ्यासाठी."

"तू बोलतेस मला बरं वाटावं म्हणून. तो कशाला खोटं बोलेल?"

वाटी तशीच निवली.

अस्थी घरी आणल्या त्या संध्याकाळी सानाए रिकाम्या अंथरुणाशी येऊन बसली. शेजारणीने ताट वाढून समोर ठेवलं. पोकोला काही कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीही तोंडून निघालंच.

"पोको, मीच मारलं ना रे बाबांना?"

पोकोने मान डोलवली. "हो ना."

सानाएने ताट बाजूला सारलं.