तीन नंबरची चावी

चावी दाबायला वसुमतीचं बोट उठेना.

बंगळूरच्या टेलिफोन ऑफिसातल्या देखरेखीच्या टेबलावर अशा बारा चाव्या होत्या, समोर फोन जोडायच्या बोर्डावर बसलेल्या बारा बायकांच्या. जी दाबावी तिचं बोलणं टेबलावरच्या हेडफोनात ऐकू यायचं. तीन नंबरची सत्यवतीअक्काची. ती दाबायची, अक्का काय पुटपुटते ते ऐकायचं आणि संध्याकाळी लिहून द्यायचं, एवढंच काम जयतीर्थसाहेबांनी आज तिला नेमून दिलं होतं.

"चहाच्या सुट्टीत तिनं ख्रिस्ताच्या गोष्टी सांगाव्यात, माझी ना नाही," साहेब म्हणाले होते. "पण बोर्डावर बसून धर्मप्रचार? तक्रार आलीय. मी एकट्यानं ऐकलं तर डूख धरला म्हणतील. साक्षीदार पाहिजे. तुम्ही बी.ए. झालेल्या, चार ओळी नीट लिहाल." मग फाइलीवर बोट ठेवून, "तुमच्या कायम होण्याचा कागदही आजच वर जायचाय."

वसुमतीला बोर्डावर लागून पाच महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षी सुटलेली. बसवनगुडीतलं सगळं घर त्या कागदाकडे डोळे लावून होतं. आणि अकरा महिन्यांचा हयवदन दोन दिवस तापानं फणफणत होता.

अक्का महायुद्धाच्या दिवसांपासून बोर्डावर, म्हणजे पंधरा वर्षं. पांढरी सुती साडी, काळ्या दोऱ्यात इवलासा क्रूस. कुणी विचारलं की ती येशूबद्दल माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. शेजारच्या बोर्डावरच्या विमलानं एकदा खोडी काढली होती, "अक्का, तुमच्या देवाला इडली चालते का हो?"

"न चालायला काय झालं? विस्तव पेटवून मासे भाजून मित्रांना न्याहारी दिली त्यानं. बंगळुरात असता तर इडलीच केली असती."

दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळ्यांच्या बोर्डाला कुंकू लागलं, तिनं आपल्या बोर्डाला लावलं नाही. पण बाकीच्यांची आरती होईपर्यंत या खुर्चीवरून त्या खुर्चीवर सरकत बोर्डांवरचे, कॉल आला की लागणारे सगळे दिवे तिनं एकटीनं सांभाळले.

खटकायचं एकच. बोर्डावर दिवा नसला की तिचे ओठ हलायचे. "मंत्र घालत असेल, बाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आपलं मूल लहान आहे. तिच्या हातचं काही घेऊ नको." वसुमती तेव्हा हसली होती. हयवदनला ताप भरल्यापासून हसू येत नव्हतं. अक्का तिच्या खुर्चीकडे बघते आणि मग ओठ हलतात, हे तिनं दोनदा नाही, चारदा पाहिलं होतं.

तीन वाजून गेले. गर्दी ओसरली. अक्काचे ओठ हलू लागले. वसुमतीनं चावी दाबली.

"...विमलाच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन सोमवारी आहे, अप्पा, तिचा हात धर." अप्पा म्हणत होती ती देवाला. "नागोजी शिपाई प्यायला नाही त्याला आज नऊ दिवस झाले. दहावा निभावून ने." दिवा लागला. "नंबर प्लीज," अक्काचा आवाज बदलला. जोडणीची दोरी खोचली गेली, दिवा विझला आणि तुटलेलं तिथूनच पुढे सुरू झालं. "जयतीर्थसाहेब. त्यांच्या घरातलं तुला ठाऊक आहे, मी इथे बोलत नाही. त्यांना झोप लागू दे."

वसुमतीचं बोट चावीवरून निघेना.

"वसुमती. तिच्या हयवदनचा ताप उतरव. तिला घरी जायचंय आणि इथे बसावं लागतंय. आज ती जे करेल ते करो, अप्पा, तिची भीती घालव."

संध्याकाळी साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग लिहा."

कागदाच्या पलीकडेच ती फाइल होती. वसुमतीनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. "साहेब, पहिल्या दिवशी तुम्हीच बजावलंत. लाइनीवर कानावर पडलेलं बाहेर न्यायचं नाही."

साहेब दाराकडे बघून हळूच म्हणाले, "माझं नाव होतं?"

"होतं."

"शिव्या?"

"नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, तिला आजवर दिसलं नव्हतं. "जा तुम्ही," ते म्हणाले. "मूल आजारी आहे ना." कागद त्यांनी चुरगाळला आणि फाइल स्वतःकडे ओढली. सही होते की नाही हे बघायला ती थांबली नाही.

खोलीबाहेर अक्का हेडफोन खुंटीला अडकवत होती. वसुमती तिच्यापाशी गेली.

"अक्का, मी आज दुपारी..."

"तीन वाजून दहा मिनिटांनी," अक्का म्हणाली. "चावी दाबली की आमच्या कानात टिक् होतं."

पाच महिने अधूनमधून आपल्याही कानात टिक् व्हायचं. तारेत दोष असेल, असं वसुमतीला वाटायचं.

"म्हणजे मी ऐकतेय हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"समोर टेबलाशी तूच तर बसली होतीस."

"मग थांबला का नाहीत?"

अक्कानं पिशवी खांद्याला लावली.

"थांबून कसं चालेल, मुली? तुझं नाव अजून यायचं होतं."