मशीनवाल्याचा हेडफोन

गळ्यातलं डोरलं हरवल्याचं कळलं त्या दिवशी सत्यभामानं सांगितलं, "खुरपताना रानात पडलं बघा." "भावाला दिलंस, खोटारडे!" नवरा उत्तरेश्वर वर्षभर तेच म्हणत राहिला. ती वारली तेव्हा तिला शेवटचं नेसवायला भावानं तेर गावाहून आणलेलं माहेरचं लुगडंही त्यानं दारातूनच माघारी धाडलं. गाव नावं ठेवू लागलं. मग रानात काहीच नाही हे सगळ्यांना दाखवायला त्यानं धातू शोधणारं मशीन मागवलं. हेडफोन लावलेला मशीनवाला बांधाजवळ थांबला. "मामा, इथं वाजतंय." "कुठं वाजतंय? तूबी खोटारडा!" "हेडफोनमधी वाजतंय, बिनवायरचा हाय. घ्या, तुमीच ऐका." उत्तरेश्वरनं तो हिसकावून कानाला लावला. आत खरंच टींटीं वाजत होतं. खुरप्यानं उकरलं, डोरलं निघालं. ते मुठीत आवळून तो खेकसला, "बंद कर तुझं मशीन!" सत्यभामाला माहेरचं लुगडं नेसवायचं राहिलं होतं.