उन्नतीचं म्हणणं

"ऐका मॅडम," म्हणत मिनलने फोन टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. "माझी पोरगी स्वतःच्या तोंडानं सांगते."

कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशक मॅडमचा तडजोडीचा कागद तयार होता. शाळेचे दिवस मनीषनगरला आईकडे, शनिवार-रविवार कळमेश्वरला बापाकडे. सात वर्षांच्या उन्नतीला दोघंही मिळतील, असा सरळ मार्ग. सह्या झाल्या की कागद न्यायाधीशांपुढे जाणार. मिनलला तो पुढे जाऊ द्यायचा नव्हता. तिला वाटा नको होता, अख्खी पोरगी हवी होती. पोरीच्या बापाचं, सुशीलचं तोंड उतरलेलं पाहायचं, यासाठी ती वर्षभर थांबली होती. आणि त्यालाच ती पोरीचं भलं म्हणत होती.

फोनमधून उन्नतीचा रेकॉर्ड केलेला बारीक आवाज आला. "मले पप्पाकडे झोप नाही येत. भीती वाटते. मी तिकडे नाही जात."

सुशील खुर्चीत खचला. एमआयडीसीतून थेट आलेला, अंगावर कंपनीचा शर्ट तसाच. त्याला पाहून मिनलला गारगार वाटलं. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

"काहून, बोल ना आता," ती म्हणाली. "वकिलासमोर तर लय बोलून राहिला होता."

 सुशीलने खिशातून आपला फोन काढून तिच्या फोनला लागून ठेवला आणि बोट टेकवलं.

"मले मम्मीकडे झोप नाही येत. भीती वाटते. मी तिकडे नाही जात."

तोच आवाज, तेच शब्द. नुसती पप्पाच्या जागी मम्मी.

मिनल उठलीच. "तूच पढवलं तिले. एवढ्याशा लेकराकडून खोटं बोलवून घेतलं. बाप आहेस का कोण आहेस?"

"अन् तू नाही पढवलं?"

"मी कशाले पढवू? ती आपल्या मनानं बोलली."

"मग माझ्याकडे बी मनानंच बोलली वं."

मिनलने खरंच पढवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मिनल न जेवताच पडून होती, तेव्हा पोरगी आपणहून जवळ येऊन बसली होती. मिनल फक्त 'परत एकदा म्हण' एवढंच म्हणाली होती. एवढंच. जसं काही ते काहीच नव्हतं.

मॅडमनी हातानेच दोघांना गप्प केलं. सुशीलच्या फोनमधलं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. आतून मुसमुसण्याचा आवाज येत होता. बाप्या माणसाचा. सुशीलने घाईने फोनकडे हात नेला.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

तो कावराबावरा झाला. पोरीचं ते एक वाक्य त्याने कितीदा तरी लावून ऐकलं होतं. त्याच्या पुढचं ऐकायची गरज त्याला कधी पडलीच नव्हती.

फोनमध्ये फरशीवरून ताट सरकवल्याचा आवाज झाला. मग उन्नती बोलली. आता तिच्या आवाजात भीती नव्हती. एखादी म्हातारी हट्टी पोराला समजावते तशी ती बोलत होती.

"म्हटलं ना पप्पा मी. आता जेवा. मम्मी बी असं म्हटलं का उठून जेवते."