रे टोलँडचं पहिलं कार्ड

आर्लीन स्टॅटनने पर्स टेबलावर ठेवली आणि काचेखालच्या एका कार्डावर बोट टेकवलं. "रस, हे बाहेर काढ."

रस कोव्हाचने पेटीला किल्ली लावली. दर मार्चमध्ये फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेल्या कार्डांचा बाजार भरे, त्यात रसचं टेबल अगदी दारासमोर असे आणि कार्डांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. हे कार्ड रे टोलँडचं होतं, सदुसष्ट सालचं, त्याचं पहिलंवहिलं. टोलँड पुढे एवढा मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, झाला की हे कार्ड ज्याच्या संग्रहात नाही त्याला इथे कोणी संग्राहक म्हणतच नाही. कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर रसने चिठ्ठी डकवली होती, 'फोटो उलटा छापलेला.' टोलँड उजव्या हाताने चेंडू टाकायचा, म्हणजे हातमोजा डाव्या हातात हवा. फोटोतल्या पोराने तो उजव्या हातात घातला होता.

"फोटो उलटा नाही," आर्लीन म्हणाली. "आणि हा टोलँडही नाही. हा माझा नवरा आहे."

तिचा नवरा व्हर्जिल दोन पावलं मागे उभा होता. सत्तरीचा माणूस, हातात कॉफीचा कागदी कप, नजर जमिनीवर. शेजारच्या टेबलावरून डेल हॉकेट खिदळला. "झालं, लागली टेप. काय टोलँडसाहेब, सही देणार का?"

ही थट्टा चाळीस वर्षांची होती. तरुणपणी व्हर्जिलही होतकरू पिचर होता, डावखुरा, टोलँडच्याच संघाच्या शिबिरात. फोटोवाल्याने घाईघाईत दोघांचे फोटो काढले आणि छापणाऱ्यांनी टोलँडच्या नावावर व्हर्जिलचा चेहरा लावून दिला. जूनमध्ये व्हर्जिलचा खांदा गेला. तो घरी परतला, शाळेची बस चालवू लागला आणि त्याच्या स्वतःच्या नावाचं कार्ड कधी निघालंच नाही. एकदा न्हाव्याकडे बसून त्याने हे सांगितलं, तेव्हापासून गावाने त्याला टोलँडसाहेब करून टाकलं. तो हसण्यावारी न्यायचा. आर्लीन कधीच हसली नाही. कार्डांतलं कळणाऱ्या एका तरी माणसाने नीट बघावं आणि हा चेहरा व्हर्जिलचा आहे असं चारचौघांत म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

रसने तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की फोटो उलटा छापला जाणं त्या काळी नेहमीचंच होतं. पोराच्या डोक्यावर टोपी नाही, छातीवरची अक्षरं हातमोज्यामागे गेलेली, मग उलटसुलट ठरवायचं कशावरून? चेहऱ्यावरून तर मुळीच नाही. बारीक कापलेले केस आणि पुढे आलेले कान, त्या सालच्या कार्डांवरची सगळी पोरं एका आईची वाटतात. त्याला तिचा अपमान करायचा नव्हता. वीस वर्षं तो हेच सांगत आला होता.

"अक्षरं राहू दे बाजूला," आर्लीन म्हणाली. "बटणं बघ."

चाळीस वर्षं तिने लाँड्रीत बसून निम्म्या गावाचे शर्ट दुरुस्त केले होते. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. फोटो उलटा असता तर उजवी पट्टी वर दिसली असती; इथे डावीच वर होती.

रसने भिंग उचललं. कार्ड पाहिलं, मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाची पट्टी चाचपली, मग पुन्हा कार्ड पाहिलं. त्याच सालची आणखी चार कार्डं काढून त्याने शेजारी मांडली. आसपासच्या टेबलांवरची माणसं उठून जवळ आली.

"ताठ उभा राहा, व्हर्जिल," आर्लीन म्हणाली.

व्हर्जिलने मान वर केली. रसने त्याचे कान पाहिले, हनुवटीवरची खळी पाहिली आणि नखाने खरवडून चिठ्ठी काढून टाकली.

"वीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "फोटो सुलट आहे. हा डावखुरा पिचर आहे, आणि तो इथे उभा आहे."

कार्डाला कोणाचं बोट लागू न देणाऱ्या रसने ते पाकिटातून बाहेर काढलं आणि पेन पुढे केलं. "सही करा, मिस्टर स्टॅटन."

"कार्ड खराब होईल."

"ते सदुसष्ट सालीच झालंय. तुम्ही दुरुस्त करा."

व्हर्जिलने पँटला हात पुसले आणि टोलँडच्या छापील नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. आर्लीनला इतका अभिमान वाटला की तिने जमलेल्या एकेका तोंडाकडे रोखून पाहिलं, कोणी बघायचं राहिलं तर नाही ना. एवढ्यात कोणीतरी आपल्या वहीतून तेच कार्ड काढून आणलं. त्याच्यामागे दुसरा आला, मग तिसरा. तिने खुर्ची ओढून नवऱ्याला बसवलं आणि रांग सरळ करायला लागली.

रांगेच्या शेवटी डेल हॉकेट होता. कान लाल झालेले, हातात आपलं कार्ड. आर्लीन काहीतरी बोलणार होती, पण व्हर्जिलने तिच्या हातावर हात ठेवला. त्याने कार्ड पुढ्यात ओढलं, पेन सरळ धरलं आणि सही देणारे मोठे खेळाडू विचारतात तसं विचारलं, "कोणाच्या नावाने लिहू?"

चाळीस वर्षांच्या ओळखीनंतर डेलने त्याला आपलं नाव सांगितलं, आडनावासकट.