भुरीची लस

सातपाटीच्या मासळीबाजारात चाळीसेक मांजरं होती, पण डॉक्टर मैथिलीने लस टोचली ती एकट्या भुरीला. मासे विकणाऱ्या चांगुणाला ते पटेना. गेल्या साली उलट्या-जुलाबांच्या साथीत तिने पाळलेली मांजराची तीन पिल्लं दोन दिवसांत गेली होती.

“बाकीच्यांचं काय, डॉक्टरबाई?”

“ही लस लाळेत वाढते, मावशी. भुरी ज्याला चाटेल, त्यालाही ती मिळेल, आणि त्याच्याकडून पुढच्याला.”

महिन्याभरात साथ आली. शेजारच्या गावात मांजरं मेली, पण बाजारातलं एकही दगावलं नाही. चांगुणाने मैथिलीला गाठलं.

“माणसांसाठी अशी लस होईल?”

“होईल. पण माणसाला आधी विचारावं लागतं.”

“मग भुरीला कुणी विचारलं?”

चांगुणाने टोपलीतला ताजा बोंबील उचलून भुरीपुढे ठेवला.